सोमवारी खानावळ बंद

पास्कू फर्नांडिस पहाटे साडेपाचला पाटी उतरवतो
मागच्या दारी. मी बांगड्याचा कल्ला उचलते,
लाल आहे का बघते, बोटानं पाठ दाबते.
खळगा राहिला तर परत.
वीस वर्षांत एक मासा मला फसवू शकला नाही.

त्या दिवशी पैसे मोजता मोजता तो म्हणाला,
"वैनी, मासो ताजो आसा.
डोळे तुझे शिळे दिसतत."

मी हसले. मग दिवसभर हसू आलं नाही.

तीस ताटं दुपारी, वीस रात्री,
आणि माझं ताट कुठल्या फळीवर, ठाऊक नाही.
तिखलं तळहातावर घेऊन चाखायचं,
सोलकढीचं मीठ बघायचं,
तळताना मोडला सुरमईचा तुकडा तर उभ्यानंच तोंडात,
गिऱ्हाइकाला मोडका देता येत नाही.
चहा सात वेळा. आठवा कुणी तरी पुढे केला म्हणून.
पुण्याची माणसं अर्धे वडे ठेवून उठतात,
माझ्याच्यानं टाकवत नाहीत.
रात्री पोट तुडुंब
आणि मी उपाशी.

कणकवलीच्या डॉक्टरांनी छापील कागद दिला.
त्यात ओट्स होते, ऑलिव्हचं तेल होतं,
आणि सकाळी अकराला चार बदाम.
अकराला माझ्या हातात नारळाची कवड असते.
कागद मी सिलिंडरच्या मागे चिकटवला.

सोमवार. शटर खाली.
रघुवीर बोटीचं इंजिन घेऊन मालवणला गेलेला.
पुढे समुद्र, मागे कर्लीची खाडी,
मध्ये देवबागची ही चिंचोळी पट्टी, आणि तिच्यावर मी,
मागच्या पडवीत नुसती बसलेली.
विचारलं, गिऱ्हाइकाला विचारते तसंच:
काय देऊ?

आधी काहीच नाही.
मग जीभ बोलली, तिला सवयच पुढं पुढं करायची:
काही तरी कुरकुरीत, आणि वर चहा.
तू गप्प, म्हटलं. तुला नाही विचारलं.
मग कळलं, ही तहान आहे.
विहिरीचं पाणी प्याले तांब्याभर, किंचित मचूळ.
मग कळलं, ही झोप आहे.
चटईवर आडवी झाले. खाडीला ओहोटी लागलेली.

चारच्या सुमाराला जाग आली ती आवाजानं.
ओल्या वाळूत बिळातल्या बिळात कुर्ली हलते ना,
तेवढाच. बेंबीच्या जरा वर.
भूक.
शाळेतून येताना बांधावर भेटायची, तीच.
इतकी वर्षं मी तिच्या तोंडावर दार लावून
आत जेवत होते.

उकड्या तांदळाची पेज ठेवली.
ती शिजायला वेळ घेते. मी थांबले.
वाटलं होतं भूक चिडेल. ती नुसती
जवळ सरकून बसली.
एक सुका बांगडा निखाऱ्यावर,
परसातला लाल माठ, चार लसूण पाकळ्या ठेचून.
कुळथाची पिठी? नको म्हणाली.
बरं, नको.

मांडी घालून खाल्लं. पेजेची वाफ चष्म्यावर.
दुसरी वाटी अर्धी झाली, आणि आतून कुणी तरी
पानावर आडवा हात धरला,
पंगतीत धरतात तसा.

मी जन्माची वाढपी. आग्रह हाताला चिकटलेला.
तरी पळी मागे घेतली.

शहाणी झाले असं नाही.
मंगळवारी पुन्हा सहा चहा,
शुक्रवारी एक अख्खा वडा कसा गेला कळलंही नाही.
तिसरी सुरमई मागणाऱ्या एका जाड्या साहेबांना
विचारलं मात्र, "भूक आहे, की नजर?"
ते मोठ्यानं हसले. सुरमई घेतलीच.
मीही दिली. धंदा आहे.

डॉक्टरांचा कागद उलटा करून
पाठीवर आता माशांचे भाव लिहिते.

परवा पास्कूनं पाटी उतरवली. मी कल्ले बघितले.
त्यानं मान वाकडी करून
कंदिलासारखी बॅटरी माझ्या तोंडावर धरली.
काही बोलला नाही.
दहा रुपयेही कमी केले नाहीत.