दहा टक्के सवलत

एप्रिल. घरपट्टीच्या खिडकीपुढे
माझा नंबर तेविसावा.
आगाऊ भरली की सवलत,
म्हणून आज आम्ही सगळे इमानदार.

पुढचे गृहस्थ म्हणतात, भरायची तरी कशाला?
आमच्या गल्लीत पाणी पहाटे साडेचारला,
तेही करंगळीएवढं.
मागून कोणीतरी : आणि बिल मनगटाएवढं.
हसतो आम्ही. रांगेत हसण्यावर
अजून पट्टी लागलेली नाही.

मृण्मयी, माझी भाची, डेन्मार्कला असते.
मामा, म्हणाली, चाळीस टक्के जातात,
हातात येण्याआधीच.
पण बाळंतपणाचं बिल विचारलं
तर नर्सला प्रश्नच कळेना.
मी अंबडच्या शेडमध्ये, कानाला फोन,
हातात व्हर्नियर, डोक्यात वजाबाकी.
चाळीस!

त्या रात्री जीएसटीच्या वहीच्या मागच्या पानावर
मांडत बसलो.
पोराची शाळा. आईचा गुडघा, कॉलेज रोडला.
टँकर. इन्व्हर्टर. वॉचमन.
सुदाम खैरनारला दिलेली उचल,
जी त्यानं फेडली नाही आणि मी मागितली नाही.
बेरीज चाळिसाच्या पुढे गेली.
यातल्या कशालाच कर म्हणत नाहीत.

मग देशील का चाळीस? बायकोनं विचारलं.
नाही, म्हटलं.
गंगापूर धरणापासून आपल्या नळापर्यंत
कुठं कुठं पाणी मुरतं, बघतोय ना.
आणि पैसा तर ओलही सोडत नाही.

सुदामला हे सांगितलं दुसऱ्या दिवशी, लेथ थांबवून.
तो चिंधीनं हात पुसत राहिला.
मुरतं, शेठ. खरंय.
तुमची उचल गेली बाहेरून आणायच्या औषधांत.
पण सिव्हिलला माझी पोरगी
सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होती.
एका पेटीत दोघी.
दुसरी कुणाची, माहीत नाही.
अर्धी ऊब तिची,
अर्धी माझीची.
दोघी जगल्या.
आणि लेथ चालू केला.

बावीस झाले. अरिंगळे मॅडम
चष्म्यावरून बघतात.
बांधकामात काही वाढ?

गच्चीवर पत्र्याची खोली आहे.
दोन वर्षांपासून भाडेकरू आहे,
नोंद नाही.

दरवर्षी मी 'नाही' म्हणतो
इतक्या सहज, की मॅडम
पेन आधीच उचलून ठेवतात.

आज पेन हवेत आहे.
मागून रांग ढकलते आहे.
काका, बोला की लवकर.