उसवण

नाव शिवायचे वीस रुपये, उसवायचे तीस.
पटत नसेल त्यानं ब्लेड घेऊन घरी बसावं,
जर्सी फाटली तर माझ्याकडे यायचं नाही.

गेल्या हंगामात या मशीनवर
एकशे बारा पाठींवर मी दिलवर शिवलं.
वर दिलवर, खाली चौदा.
ब्लाउज थांबले, फॉल-पिको थांबला,
कासारबाईंच्या भाचीची हळद उलटून गेली.
अख्ख्या चोपड्याची पाठ एकच होती तेव्हा.
सातपुड्याच्या पायथ्याचा पावऱ्यांचा पोरगा
टीव्हीवर मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावायचा
आणि बस स्टँडवरचा चहा उतू जायचा.

मग ती उपांत्य फेरी.
गुण सारखे, शेवटची चढाई,
आणि हा तीस सेकंद नुसता रेषेपाशी घुटमळला.
बोनस नाही, स्पर्श नाही,
दम घेऊन गेला तसाच रिकामा परत आला.
जादा चढायांत आपण गेलो.
महिन्याभरानं लिलाव.
ज्यांच्याशी हरलो त्यांनीच घेतला, एक कोटी चार लाखाला.

झालं. सलूनमध्ये न्यायालय बसलं.
जो तो म्हणे, मी तेव्हाच ओळखलं होतं.
ज्याला लोण म्हणजे लोणचं वाटतं
तोही सांगू लागला सामना कितीला विकला.

मी नववीत डावा कोपरा खेळले आहे.
घोटा धरला की सोडत नसे, जिल्ह्यापर्यंत गेले होते.
मला दिसत होतं:
त्या चढाईत त्यानं उजव्या पायावर भार टाकलाच नाही.
वळताना टाच उचलायचा, टेकवायचा नाही.
गुडघा गेलेला माणूस असा वळतो.
सांगितलं मी. लोक म्हणाले,
ताई, बाह्या जरा ढिल्या ठेवा.

आणि लिलावाच्या आधीची ती यादी?
संघानं कायम ठेवलेल्या नऊ जणांची,
पेपरात आतल्या पानावर, पंपाच्या जाहिरातीखाली.
तिच्यात दिलवर नव्हता.
आधी कोणी कोणाला सोडलं
हे बोटभर अक्षरात छापून आलं होतं.
त्याच पेपरात भजी बांधून आली.

तरी मी त्याला सोडत नाही.
एकदा तरी बोलायचं होतं, बाबा.
गुडघा दाखवायचा होता.
नवी निळी जर्सी घालून फोटोत हसलास,
ते हसू मला टोचलं, खोटं कशाला सांगू.

पण गद्दार हा शब्द माझ्या जिभेवर येत नाही.
मीही एरंडोलहून इकडे आले.
पाठीवरचं नाव बदललं, आडनाव बदललं,
मला कोणी गद्दार म्हटलं नाही,
वाजंत्री लावली होती.
एक कोटी सोडा,
मला कोणी विचारलंही नव्हतं.

बडगुजरांचा भावेश जर्सी टाकून गेलाय.
काकू, हे नाव काढा, नुसता चौदा ठेवा.
मी म्हटलं, शनिवारी ये.
तीन शनिवार झाले.
शिंप्याचा शनिवार कधी उगवतो का रे?

आज सामना आहे. तो समोरून खेळणार.
दुकानात सहा पोरं, एक टीव्ही,
हूऽऽ करायचं ठरवून आलेली.
दिलवर आत आला. मध्यरेषा. हात. कपाळ.
पोरं ओरडली.
माझ्या तोंडात टाचणी, हातात त्याचंच नाव,
आणि मी बघत होते फक्त उजवा पाय.

टेकवला.
पूर्ण टेकवला, वळला, दोन गडी घेऊन गेला. आपले दोन.

टाचणी काढली तोंडातून.
सहा पोरं माझ्याकडे बघायला लागली
तेव्हा कळलं, मी ओरडले होते:
भाऊ, पाय बरा व्हयना रे तुन्हा!