लॉट नंबर

वॉर्सा म्हटलं की घरच्यांना पोलंड वाटतं.
दहा वर्षं सांगतेय, हे इंडियानातलं,
मक्याच्या शेतांमधलं.
इथे गुडघे बनतात, खुबे बनतात,
आणि मी बसते त्या टेबलावर
मणक्यात रुतणारे स्क्रू तपासले जातात.

पाळीच्या आधी अंगावरचं सगळं उतरवायचं.
अंगठी, घड्याळ, काळे मणी.
लॉकरमध्ये मंगळसूत्र,
भिंगाखाली मळसूत्र.
हा विनोद एकदा डार्लीनला सांगून पाहिला.
इंग्रजीत नेताना आटेच झिजले त्याचे.

साडेसहा मिलिमीटर, लांबी पंचेचाळीस.
वजन सुपारीएवढं.
टोकापासून डोक्यापर्यंत एकेक आटा बघायचा,
केसाएवढी कोर उठलेली दिसली
की लाल डब्यात.
डबा भरला की सुपरवायझर सुस्कारतो.
मी मान वर करत नाही.
माझ्यासमोर कायम कुणीतरी पालथं पडलेलं असतं,
पाठ उघडी,
तोंड दिसत नाही.

डार्लीन होस्टेटलर, बावीस वर्षं लेथवर.
वाकून वाकून तिचीच पाठ गेली.
मार्चमध्ये फोर्ट वेनला उघडली, सहा ठिकाणी टाचली.
जूनमध्ये कॅन्टीनमध्ये आली ती
काठोकाठ दुधाचं पातेलं न्यावं
तशी स्वतःला नेत.
फोनवर एक्स-रे दाखवला.
धुरकट मणके, त्यांत सहा पांढरेफटक.
"आपलेच आहेत," म्हणाली,
आणि पाकिटातून कार्ड काढलं.
त्यावर लॉट नंबर.

नोंद उघडायला नको होती. उघडली.
अकरा नोव्हेंबर, रात्रपाळी, शेवटचा तास.
पास.
खाली माझी सही, शेपटी घसरलेली.

ती रात्र मला आठवतच नाही.
डोळा लागत होता का?
त्या दिवशी सांगलीहून फोन आला होता का?
सहाही मी पाहिले,
की सवयीनं, हातानंच पाहिले?

कार्ड परत केलं. छान आहे म्हणाले.
कार्ड छान असतं का कधी?

आता ती वरच्या फळीवरचा मग काढायला हात उंचावते
आणि मी खुर्ची सोडून
तिच्या पाठीशी जाऊन उभी राहते,
तळवे पुढे, न टेकवता.
ती वळून बघते.
"काय गं, काय झालं?"

काही नाही.
पुन्हा एकदा तपासत होते.