दहा पैशांचं वजन

रविवारी नाईट संपली की मी सरळ घरी जात नाही.
ससूनच्या मागून जुन्या बाजारात उतरते,
अंगाला स्पिरिटचा वास,
डोळ्यांत अजून वॉर्डातला पिवळा दिवा.
नळाच्या तोट्या, एकाच पायाचे बूट,
कुणाच्या तरी लग्नात आलेला, नाव घातलेला कुकर,
आणि ताडपत्रीच्या टोकाला गफूरचाचाच्या तबकड्या,
ऊन लागून वाकू नयेत म्हणून गोणपाटाखाली.
"तवा पाहिजे का, सिस्टर? नाट्यगीतं संपली.
हे अमेरिकेतलं रडगाणं राहिलंय,
कुणी हात लावत नाही. पन्नास द्या."

कव्हरवर एक माणूस, हॅट मांडीवर,
खांदे असे वर ओढलेले
जसे दमेकरी रात्री तीनला ओढतो.
तेवढ्यावरच घेतली.
मागे शाईनं लिहिलेलं: हायम अष्टमकर, रास्ता पेठ, १९७३.
त्यातला ष्ट आता फिसकटलाय.

माझा प्लेअर तपकीर गल्लीतून पट्टा बदलून आणलेला.
आधी कण्हतो, मग फिरतो.
सुई टेकली आणि पहिल्यांदा आली ती खरखर.
ती माझ्या ओळखीची.
फुप्फुसाच्या तळाशी पाणी साठलं
की नळीतून हीच ऐकू येते,
कानाशी केसांची बट चुरगाळावी तशी.
मग सॅक्सोफोन.
मला सूर कळत नाहीत, श्वास कळतो.
सवयीनं घड्याळ बघून मोजले: मिनिटाला नऊ.
इतके कमी मी फक्त भूल उतरताना पाहिलेत.
हा माणूस एकेक श्वास
पगारासारखा महिनाभर पुरवत होता.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
आवाज घोंगडीसारखा, टोचणारा, सोडवत नाही असा.
माझं इंग्रजी गोळ्यांच्या पाकिटाएवढं,
पण एक शब्द कळला: होम.
आणि तिथेच सुई अडकली.
होम.
होम.
होम.
तो उंबऱ्यावर, दर दोन सेकंदांनी,
आणि आत कुणी घेत नाही.
भिंतीपलीकडून गोडांबेबाई ओरडल्या,
"सिस्टर, सकाळी सकाळी कसला होम घातलाय?"

हसले. उचलली. पुन्हा ठेवली. तिथेच.
पुढचे तीन रविवार तिसरं गाणं गाळून ऐकलं.

चौथ्या रविवारी कव्हर झटकलं
तर आतून नाणं पडलं.
दहा पैसे. ॲल्युमिनियमचे, झालरीच्या कडेचे,
एका अंगाला डिंक वाळून तपकिरी झालेला.
साठवलेले पैसे असे कुणी चिकटवत नाही.
उलटंपालटं करत बसले. चहा निवला.
मग हात आपोआप गेला,
जसा जातो मोडक्या पायाला वजन बांधताना:
किती, ते पुस्तकात असतं,
पण पुरे, हे पेशंटच्या चेहऱ्यावरून कळतं.
नाणं सुईच्या डोक्यावर ठेवलं.

होम,
म्हणाला तो, आणि पुढे गेला.
पुढे शब्दच नव्हता. एक ओला श्वास,
मग पियानो,
झोपलेल्या घरातून कुणी चपला हातात घेऊन
जिना उतरावा तसा.

अष्टमकर, तुम्ही कुठे गेलात मला ठाऊक नाही.
समुद्रापलीकडे, तुमच्यातले पुष्कळ गेले तिकडे,
सामानाला वजनाची मर्यादा असेल;
की इथेच, एखाद्या नाईटला, माझ्याच वॉर्डात,
आणि मी तक्त्यावर तुमचं आडनाव चुकीचं लिहिलं?
तबकडी द्यायची ठरली त्या दिवशी
नाणं खिशात टाकता आलं असतं.
तेव्हा दहा पैशांना किंमत होती.
तुम्ही ते उचकटलंत आणि कव्हरात परत ठेवलंत.
चिठ्ठी नाही, काही नाही.

जिन्यात गोडांबेबाई भेटल्या.
"झाला का एकदाचा होम?"
म्हटलं, झाला.
आता ती बाजू पुन्हा लावणार आहे. या बसायला.