शिल्लक शून्य

खजिन्याच्या कचेरीत, मागच्या खोलीत
एलनाथन वीडनं बेरीज तिसऱ्यांदा केली.
वॉशिंग्टनचा जानेवारी; दौतीतली शाई गोठलेली,
तो ती काखेत धरून ऊब देत होता.

देशाचं कर्ज: काही नाही.
शून्य इतकं गोल जमलं
की टीपकागद लावायला त्याचा हात धजेना.

समोरच्या खाणावळीत
अध्यक्षांच्या पक्षाचे पेले उंचावत होते.
विरोधकही पीत होते,
फुकटच्या दारूला पक्ष नसतो.

एलनाथनला मात्र जमेची बाजू सोडवेना.
जकात, ठीक.
मग जमीनविक्री: पानंच्या पानं,
एकर, दर, गिऱ्हाइकाचं नाव.
विकणारा खालपर्यंत एकच, सरकार.
त्याआधी तिथे मका कुणी पेरला होता
हे लिहायला वहीत रकाना नव्हता.
रकाने त्यानंच आखले होते.

संध्याकाळी डॉर्कस आली, धुतलेले सहा सदरे घेऊन.
"ऑक्टोबरपासूनचे राहिलेत, साहेब."
"आज देशानं सगळं फेडलं, डॉर्कस."
"ऐकलं. कोपऱ्यापर्यंत ओरडा येतोय.
माझे दोन डॉलर दहा सेंट."

त्यानं खिसे चाचपले.
तिनं सदरे परत टोपलीत ठेवले,
एकही घडी न मोडता.

रात्री मेणबत्तीशी तो पुन्हा बसला.
शाळेत मास्तर म्हणायचे,
हातचा विसरलास तर उत्तर येतंच,
दिसतंही नेटकं.
त्यानं तळवा उघडून पाहिला.
शाई होती, बोटांच्या पेरांपर्यंत.
हातचे किती होते,
आठवेना.