सोळा डिसेंबरचा रकाना

नरसाळी चार. सावद्याच्या बाजारातली, तेल ओतायची,
घासाघीस करून आणलेली.
बुडाला रबरी नळी, नळीला कपड्यांचा चिमटा,
वर चहाची गाळणी, गाळणीत कागदी रुमाल,
आणि रुमालावर पेराएवढी कापलेली
फेगडेबाबांच्या केळीची मुळं.
"रात्रभर राहू दे," नेहेते मॅडम म्हणाल्या.
"आपणहून उतरतील पाण्यात. बोलवावं लागत नाही."

बाबा बांधावर बसून विचारायचे,
"आमच्या केयीच्या मुया खोदून
काय सापडनार व माय तुले?"
सूत्रकृमी, मी म्हणायचे.
"जे दिसत नाही ते कशाले मोजाचं?"
असं म्हणत खुरपं मात्र
तेच धार लावून ठेवायचे.

एका ओळीत झेंडू, एका ओळीत नुसती केळी.
झेंडूशेजारच्या मुळांत कृमी कमी असतात का?
वर्गातल्या बाकीच्यांनी
मागच्या वर्षीच्या प्रकल्पांना नवी कव्हरं घातली.
मला हा एवढासा प्रश्न आठ महिने पुरला.
चिकाचे डाग ओढणीवरून अजून गेले नाहीत.

पहिला दिसला तेव्हा मी श्वास सोडला
आणि भिंगावर वाफ धरली.
पुसून पुन्हा पाहिलं.
कुणी लिहिता लिहिता
अक्षराशिवायच सोडून दिलेली वेलांटी.
आणि ती वेलांटी हलली.
मॅडमनी मला उठवलं, स्वतः डोळा लावला,
आणि तास संपल्याची घंटा झाली तरी
त्या उठल्या नाहीत.

पंधरा डिसेंबरला नरसाळी लावली.
सोळाला पालहून बस आली नाही.
सतराला पोचले तर पाण्याला वास,
चिमट्याखाली गढूळ थेंब.
मी वहीत चार शून्यं काढली,
छान गोल, एकाखाली एक.

मॅडमचं बोट तिथंच थांबलं.
"जुलेखा, हे कुठून आलं?"
"त्या दिवशी मोजलंच नाही, मॅडम."
"मग शून्य कसं?
शून्य म्हणजे तू पाहिलंस आणि तिथं कुणी नव्हतं.
रिकामं म्हणजे तूच तिथं नव्हतीस.
एवढा फरक कळला
तर पदवी नाही मिळाली तरी चालेल."
मग चष्मा पुसत,
"मिळव, पण."

ब्लेडनं खरवडून काढली चारही शून्यं.
तिथं कागद इतका पातळ झाला
की खिडकीकडे धरला तर उजेड दिसतो.

जानेवारीच्या थंडीत पानं पोळली,
बाबा दोन शनिवार बोललेच नाहीत.
मार्चमध्ये हिशेब मांडला.
तीन तुकड्यांत झेंडूशेजारी कृमी कमी,
चौथ्यात जास्त, चांगले दीडपट.
मी रडकुंडीला आले.
मॅडम त्या चौथ्या आकड्याकडेच बघत बसल्या,
लग्नघरी अचानक आलेल्या
कुणा लांबच्या पाहुण्याकडे बघावं तशा.
"हा का आला असेल?
उतार बघ. पाणी कुठून येतं ते बघ.
बाबांना विचार, आधी तिथं काय होतं."
बाबा म्हणाले, "वांगे."

प्रकल्पाचे तास बिलात बसत नाहीत
हे मला कचेरीच्या खिडकीशी कळलं,
गुणपत्रिकेसाठी रांगेत उभी असताना.
मॅडम तासिका तत्त्वावर होत्या.
शनिवार, मळा, सूक्ष्मदर्शक,
संध्याकाळी साडेसातपर्यंतची मोजणी,
यातलं काहीच तासिका नव्हतं.
जूनच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नाही.
जळगावला उतिसंवर्धनाच्या कुठल्या कंपनीत
बाटल्या तपासतात म्हणे.

प्रयोगशाळेत नरसाळी तशीच टांगलेली होती,
एका चिमट्याची तार गंजून तुटलेली.
दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली, निंभोऱ्याची,
तिला चौथ्या तुकड्याचं काम पुढं न्यायचं होतं.
मी वही दिली. तिनं पानं उलटली,
आणि पातळ कागदावर तिचं बोट अडलं.
"ताई, इथं काय झालं होतं?"
"बस आली नव्हती," मी म्हणाले.
तिनं मान हलवली,
आणि ती जागा तशीच सोडून
पुढची तारीख घातली.