लांडग्याच्या भावाने

कारभाऱ्याची जुनी चोपडी आता मठात पडून आहे.
मला वाचता येत नाही,
ऑस्बर्टने एकदा बोट ठेवून दाखवलं होतं:
लांडग्याचं डोकं, एक. पैसे चुकते.
कुठला लांडगा, ते लिहिलेलं नाही.

मरी आली तेव्हा मी सहा वर्षांची.
आधी आई गेली, मग चुलीतला विस्तव,
मग बाप.
घरात उरलो मी आणि एक कोंबडी.
कारभारी आला. त्यानं कोंबडी आधी मोजली.

अशी आम्ही सात पोरं त्याच्या गोठ्यात.
थोरली शिशाच्या खाणीत जायची, मधली मेंढ्यांमागे,
आणि विमार्क, वाकड्या पायाचा,
त्याला कुठल्या रकान्यात घालावं ते कळेना.

ज्यांनी रात्री गोठ्याचं दार बिजागरीसकट उचकटलं
ती चांगली माणसं नव्हती.
मुद्दाम सांगते, कारण तुम्ही हल्लीच्या पोरी त्यांना संत करता.
थर्स्टननं गिरणीवर माणूस मारला होता,
पिठाच्या मापावरून.
हॉविसनं काय केलं होतं ते ती बोलत नसे,
फक्त झोपेत हात धूत असे.
ऑस्बर्ट मठातून पळालेला, चांदीच्या पेल्यासकट.
राजानं त्यांना कायद्याबाहेर हाकललं होतं:
कुणीही मारावं, डोकं आणावं,
लांडग्याच्या भावाने पैसे न्यावेत.

रानात ऑस्बर्ट आम्हाला पातेर नोस्तेर शिकवी.
आम्ही घोकायचो, अर्थ कुणाला ठाऊक?
एकदा विमार्कनं विचारलं, पहिला शब्द म्हणजे काय?
"बाप," ऑस्बर्ट म्हणाला. "आमचा बाप."
सातही जणं गप्प.
शेकोटीत एक ओलं लाकूड शिट्टी घालत होतं.
"आमचा?" विमार्क म्हणाला. "सगळ्यांचा मिळून एक?"
थर्स्टन लाकडं आणतो म्हणून अंधारात गेला,
बऱ्याच वेळानं रिकाम्या हातानं परतला.

मेणबत्त्यांच्या सणाच्या आदल्या रात्री कुत्रे ऐकू आले.

हेक्सहॅमच्या वेशीवर दगडी क्रूस आहे, तू पाहिलाच आहेस.
त्याच्या आत आलेल्याला हात लावायचा नाही,
चोराला नाही, खुन्याला नाही.
क्रूस दोन कोसांवर होता, कुत्रे एका.
"जोडे काढा," थर्स्टन म्हणाला.
आम्हाला वाटलं, आता मार.

मोठ्यांनी आम्हाला खांद्यांवर घेतलं, काहींनी दोन-दोन,
आणि ओढ्यात उतरले, मांडीइतक्या गार पाण्यात.
मी हॉविसच्या मानेवरून मागे पाहिलं.
चांदण्यात, माळाच्या चढावर,
तो एवढा थोराड माणूस चार पायांवर,
दोन्ही हात आमच्या जोड्यांत घातलेले,
बर्फात लहान लहान पावलं उमटवत चालला होता.
डावं, उजवं.
मग गळ्यात अडकवलेल्या माळेतली पुढची जोडी.
तिसऱ्या जोडीचं डावं पाऊल तो आतल्या बाजूला वळवी.
विमार्क तसा चालायचा.
त्याच्या लक्षात होतं ते.

क्रूसाच्या आत शिरल्यावर
मठातल्या कुणीतरी आमच्या पायांना चरबी चोळली.
ऑस्बर्टनं पेला परत केला. तो राहिला.
थर्स्टनही आत येऊ शकला असता.
कबुली द्यावी लागली असती, देश सोडावा लागला असता, इतकंच.

तो माळ चढत असावा तेव्हा.
कुत्र्यांचा आवाज उत्तरेकडे गेला,
दूर,
आणि एकाएकी फार जवळजवळ झाला, एकाच जागी.

बर्फ वितळल्यावर हॉविस माळावर जाऊन आली.
चौदातले तेरा जोडे मिळाले. विमार्कचा डावा नाही.

विमार्क आता म्हातारा आहे, घंटा वाजवतो.
प्रार्थनेत पहिल्या शब्दावर अजून अडखळतो,
बाकी सगळे पुढे जातात.
मी त्याच्यासाठी थांबते.